घरच्या घरी टाइमलॅप्स: जुना फोन, चावीचा टायमर आणि बादलीभर पाणी

टाइमलॅप्स म्हणजे ठराविक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ, तासाभराची हालचाल त्यात काही सेकंदांत दिसते. तो करून बघायचाय म्हटलं की लोक आधी सामानाची यादी करायला बसतात, मोटरवाला स्लायडर (कॅमेरा सरळ सरकवणारी पट्टी), फिरणारं हेड, इंटरव्हॅलोमीटर (ठराविक वेळाने आपोआप फोटो काढायला लावणारं यंत्र), आणि ती यादी बघूनच अर्ध्यांचा उत्साह मावळतो. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण टाइमलॅप्सला मुळात दोनच गोष्टी लागतात. एक, ठराविक वेळाने आपोआप फोटो काढणारं काहीतरी. दुसरं, कॅमेरा हलवायचाच असेल तर सावकाश आणि एकसारखं हलणारं काहीतरी. आणि सावकाश, एकसारख्या चालणाऱ्या वस्तू आपल्या घरात आधीपासून पडलेल्या असतात, आपण त्यांच्याकडे कधी त्या नजरेने बघितलेलं नसतं एवढंच.

पर्सी स्मिथ नावाच्या ब्रिटिश माणसाने १९१० च्या सुमाराला फुलं उमलतानाची फिल्म केली ती लंडनमधल्या आपल्या राहत्या घरात, हाताशी येईल त्यातून जुळवलेल्या यंत्रांवर. त्याला विकतचं काही मिळणारच नव्हतं. आपल्याकडे तर निदान खिशात कॅमेरा आहे.

तर सुरुवातीपासून, एकेक करत जाऊ.

पहिलं काम: कागद-पेन घेऊन गणित

हे टाळू नका, दोन ओळींचं आहे. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम्सने, म्हणजे २५ चित्रांनी, चालतो असं धरा (२४ किंवा ३० पण चालतात, मी हिशोबाला सोपं म्हणून २५ धरते). १० सेकंदांची क्लिप हवी तर २५० फोटो लागणार. दर ५ सेकंदांनी एक फोटो घेतला तर २५० गुणिले ५ म्हणजे १२५० सेकंद, जवळपास २१ मिनिटं. झालं गणित. आता ही २१ मिनिटं तुमच्या विषयात पुरेसं काही घडतंय का ते बघायचं, इथेच नवीन माणूस चुकतो. संथ ढगांचे १० मिनिटं फोटो काढले आणि क्लिपमध्ये काही हललंच नाही, असं होतं.

इंटरव्हल, म्हणजे दोन फोटोंमधला वेळ, किती ठेवायचा याचे तक्ते सगळीकडे सापडतात, पण मला त्यापेक्षा एक वेगळी पद्धत जास्त उपयोगी पडलीय. कॅमेरा लावा, स्क्रीनमध्ये बघा आणि एखादा ढग फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती वेळ घेतो ते घड्याळात मोजा. समजा १० मिनिटं लागली. आता स्वतःला विचारा, व्हिडिओत हाच ढग किती सेकंदांत गेलेला आवडेल? समजा ५ सेकंद. ५ सेकंद म्हणजे १२५ फ्रेम्स. १० मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, भागिले १२५, उत्तर ४.८, म्हणजे इंटरव्हल ५ सेकंद. हे कुठल्याही विषयाला लागू पडतं, माणसं, बोटी, सावल्या, काहीही, आणि दोन-चार वेळा केलं की नुसतं बघून अंदाज यायला लागतो.

तरी ढोबळ अंदाज हवाच असेल तर, रस्त्यावरची गर्दी १ ते २ सेकंद, पळणारे ढग २ ते ३, संथ ढग ५ ते १०, भिंतीवर सरकणारी सावली २० ते ३०, बी रुजणं १० ते १५ मिनिटं. चार दिवस दर १५ मिनिटांनी फोटो घेतला तर ३८४ फोटो होतात, म्हणजे १५ सेकंदांची क्लिप.

मनात शंका असेल तेव्हा इंटरव्हल लहान ठेवा. जास्तीचे फोटो नंतर एक सोडून एक काढून टाकता येतात, न काढलेले फोटो कुठून आणणार.

फोटो काढणार कोण

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन. त्यातला तयार टाइमलॅप्स मोड वापरून बघा, पण बऱ्याच फोन्समध्ये तो मोड इंटरव्हल, एक्स्पोजर (फोटो किती उजळ यायचा ते) सगळं स्वतःच ठरवतो आणि हातात तयार व्हिडिओ देतो, वेगवेगळे फोटो मिळत नाहीत. शिकायचं असेल तर फोटो वेगवेगळे हवेत. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा नावाचं मोफत ॲप आहे, त्यात रिपीट म्हणून सोय आहे, किती फोटो आणि किती वेळाने ते सांगितलं की ते काढत बसतं, शिवाय एक्स्पोजर लॉक करता येतं. फोन फ्लाइट मोडवर टाका म्हणजे मधेच कॉल येऊन सत्यानाश होणार नाही, चार्जरला लावून ठेवा, ब्राइटनेस कमी करा, आणि लेन्स पुसा. लेन्स पुसा हे मी मुद्दाम लिहितेय, कारण उन्हाच्या बाजूला फोन धरला की बोटाचा एक डाग सगळ्या ३०० फोटोंवर धुकं होऊन बसतो.

जुना कॅनन पॉवरशॉट असेल तर तो टाकून देऊ नका. त्यातल्या बऱ्याच मॉडेल्ससाठी सीएचडीके नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते मेमरी कार्डवरून चालतं, कॅमेऱ्याचं मूळ फर्मवेअर (आतलं कायमचं सॉफ्टवेअर) बदलत नाही, आणि त्यात इंटरव्हॅलोमीटरच्या स्क्रिप्ट चालवता येतात. मात्र तुमच्या मॉडेलचंच आणि त्याच फर्मवेअर आवृत्तीचं पॅकेज घ्यावं लागतं, दुसऱ्याचं चालत नाही.

डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) असेल तर बऱ्याच मॉडेल्समध्ये इंटरव्हल शूटिंग आतच असतं, मेनू नीट शोधा. नसेल आणि कॅमेऱ्याला २.५ मिमीचा रिमोट जॅक असेल (कॅननच्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना असतो) तर रिमोट घरी करता येतो. त्या जॅकमध्ये बसणाऱ्या पिनला तीन भाग असतात, टोक म्हणजे शटर, मधली रिंग फोकस, मागचा भाग ग्राउंड. फोकस आणि ग्राउंड जोडलं की अर्धं बटण दाबल्यासारखं होतं, शटर आणि ग्राउंड जोडलं की फोटो. म्हणजे दोन साधे स्विच लावले तरी रिमोट तयार, आणि स्विचऐवजी एखाद्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवरून चालवलेला रिले किंवा ऑप्टोकपलर (दोन्ही विजेने चालू-बंद होणारे स्विच) लावला की इंटरव्हॅलोमीटर झाला. बाहेरचा व्होल्टेज मात्र त्या पिनमध्ये जाऊ द्यायचा नाही, तारा एकमेकींना जोडायच्या एवढंच काम आहे.

रास्पबेरी पाय (एका बोर्डवरचा छोटा संगणक) घरात असेल तर त्याचा कॅमेरा मॉड्यूल महिनोन्महिने चालणाऱ्या कामाला फार छान. त्याच्या फोटो काढायच्या कमांडमध्ये टाइमलॅप्सचा पर्याय आहे, वेळ मिलिसेकंदात द्यायची, म्हणजे ३० सेकंदांसाठी ३००००.

कॅमेऱ्याला स्वतःची अक्कल चालवू द्यायची नाही

ही या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे माझ्या मते, आणि कुठलाही जुगाड हिची जागा घेऊ शकत नाही. कॅमेरा ऑटोवर असला की प्रत्येक फोटोला नव्याने विचार करतो, ढग आला उजेड वाढव, पांढरा शर्ट गेला उजेड कमी कर, आणि हे एकेक फोटोत कळतसुद्धा नाही पण २५ फोटो एका सेकंदात पळाले की व्हिडिओ लुकलुकायला लागतो. याला फ्लिकर म्हणतात. म्हणून सगळं मॅन्युअल: शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ठरवून टाका, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवरून काढून डेलाइट किंवा जे योग्य असेल त्यावर ठेवा, फोकस एकदा नीट करा आणि मग ऑटोफोकस बंद करा. फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक वेळा फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं.

सगळं मॅन्युअल करूनही फ्लिकर राहिला तर दोन कारणं शोधा. पहिलं, लेन्सच्या पात्या. प्रत्येक फोटोला ॲपर्चर बंद होतं आणि उघडतं, आणि दर वेळी अगदी तितकंच बंद होत नाही, केसाइतका फरक राहतो. उपाय म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं, मग पात्या हलतच नाहीत, किंवा हाताने ॲपर्चर फिरवायची जुनी लेन्स अडॅप्टरने लावायची. जुन्या लेन्सेस टाइमलॅप्सला यासाठीच सोन्यासारख्या आहेत. दुसरं कारण घरातले दिवे. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, त्यामुळे शटर १/५० सेकंद किंवा त्याहून सावकाश, १/२५ वगैरे ठेवा. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १/६० किंवा १/३०.

शटरबद्दल अजून एक. माणसं, गाड्या, पाणी असले विषय खूप वेगवान शटरने घेतले की व्हिडिओत ते टकटक उड्या मारतात. शटर इंटरव्हलच्या निम्म्याच्या आसपास नेलं, म्हणजे २ सेकंदांच्या इंटरव्हलला १ सेकंद एक्स्पोजर, की हालचाल पुसट होऊन वाहती दिसते. दिवसा एवढा वेळ शटर उघडं ठेवायला लेन्सपुढे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लागतो. वेल्डिंगची काच लेन्ससमोर बसवूनही हे करता येतं, फक्त चित्रावर दाट हिरवा रंग चढतो, तो व्हाइट बॅलन्समध्ये बराचसा निघतो, पूर्ण नाही, म्हणून मी ती काच वापरलेले व्हिडिओ सरळ ब्लॅक अँड व्हाइट करते, आणि पाण्यावर ते फार देखणे दिसतात. सूर्य फ्रेममध्ये असेल तर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा नाही, आणि लांब पल्ल्याची लेन्स सूर्याकडे करून ठेवायची नाही, डोळा आणि कॅमेरा दोन्ही जातील.

हलू नये म्हणून

ट्रायपॉड असेल तर त्याचं मधलं नळकांडं वर काढू नका, पाय पसरवा आणि खाली पाण्याच्या बाटल्यांची किंवा वाळूची पिशवी लटकवा, जमिनीला जेमतेम टेकेल इतकी, नाहीतर तीच वाऱ्याने झुलते. ट्रायपॉड नसेल तर वाळू किंवा धान्य भरलेल्या कापडी पिशवीत फोन रुतवून ठेवला तरी भक्कम बसतो. ट्रायपॉडवर असताना इमेज स्टॅबिलायझेशन बंद करा. पाणसळ असेल तर क्षितिज एकदा तपासून घ्या. खिडकीतून शूट करत असाल तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती काळं कापड गुंडाळा, नाहीतर संध्याकाळी खोलीतला दिवा लागला की तुमची खोलीच आकाशात तरंगताना दिसते.

मी एकदा बी रुजतानाचा चार दिवसांचा शॉट लावला होता, सगळं छान चालू होतं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी घालताना कुंडी बोटभर सरकली. क्लिपमध्ये रोप एकदम उडी मारतं. तेव्हापासून कुंडीच्या, टेबलाच्या आणि ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या भोवती मी चिकटपट्टीने खुणा करून ठेवते, आणि पाणी लांब नळीने घालते, कुंडीला हात न लावता.

झाडांच्या शॉटला उजेडाचं काय करायचं हा प्रश्न नेहमी येतो, कारण खिडकीचा उजेड दिवसभर बदलतो आणि रात्री जातो. मी कोपरा पूर्ण अंधारा करते, खिडकीवर पुठ्ठा, आणि एकच दिवा टायमर सॉकेटवर, ठराविक तास चालू आणि ठराविक तास बंद. कॅमेरा मात्र अखंड चालू. नंतर काळे आलेले फोटो काढून टाकायचे. चालू तासांतला उजेड एकसारखा असल्यामुळे क्लिप शांत वाटते आणि रोपालाही रात्र मिळते.

आता हलवू या: चावीचा टायमर

स्वयंपाकघरात वापरतात तो चावी दिलेला ६० मिनिटांचा टायमर घ्या, बॅटरीवाला नाही. तो तासात एक पूर्ण फेरा घेतो, म्हणजे मिनिटाला ६ अंश. त्याच्या फिरणाऱ्या तबकडीवर मधोमध पाव इंची बोल्ट उलटा चिकटवा (ट्रायपॉडचा सगळीकडे चालणारा स्क्रू पाव इंचीच असतो), दोन भागांचं एपॉक्सी (पक्का गोंद) वापरा आणि एक दिवस वाळू द्या. त्या बोल्टवर फोनचा क्लॅम्प बसवला की फिरणारं हेड तयार. खालची बाजू फळीवर चिकटवा किंवा ट्रायपॉडच्या प्लेटवर.

वजन फोन किंवा ॲक्शन कॅमेऱ्याएवढंच, डीएसएलआर यावर ठेवू नका. आणि फोनचं वजन बरोबर मध्यावर यायला हवं, एका बाजूला कलला की टायमर अडखळतो किंवा थांबतो. आधी चावी पूर्ण टोकापर्यंत द्या, मग हव्या त्या मिनिटावर मागे आणा, म्हणजे स्प्रिंगला पूर्ण ताण मिळतो. पहिलं एक-दोन मिनिटांचं शूट टाकून द्यायचं असं गृहीत धरा.

इथे एक गंमत लक्षात घ्या जी मला उशिरा कळली. टायमरचा वेग आपल्या हातात नाही, पण व्हिडिओतला वेग आहे, इंटरव्हलमुळे. सेकंदाला ०.१ अंश फिरतो, म्हणजे ४ सेकंद इंटरव्हलला दर फ्रेमला ०.४ अंश, २५ फ्रेम्सचा एक सेकंद म्हणजे १० अंश. हे डोळ्याला जरा घाईचं वाटतं. २ सेकंद इंटरव्हल ठेवलात तर सेकंदाला ५ अंश, छान संथ. म्हणजे पॅन (कॅमेऱ्याचं आडवं फिरणं) सावकाश हवा तर फोटो जास्त वेगाने काढा, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. २५० फोटो ८ मिनिटं २० सेकंदांत होतात आणि कॅमेरा ५० अंश फिरलेला असतो, फोनला तेवढं पुरे.

दिशा एकच मिळते. मला वाटलं होतं टायमर उलटा करून, तबकडी खाली आणि कॅमेरा बुडावर असं केलं की उलट दिशेला फिरेल, पण नाही, वरून बघितलं तर दिशा तीच राहते. त्यामुळे फ्रेम ठरवतानाच सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते त्या दिशेने ठरवा. आणि ढगांच्या प्रवासाच्या विरुद्ध दिशेने पॅन केला तर ढग जास्त पळताना दिसतात, त्याच दिशेने केला तर मंदावतात, हे वापरून घ्या.

पाण्यावर चालणारी गाडी

माझा सगळ्यात आवडता प्रयोग हाच. सरळ पुढे सरकणाऱ्या शॉटसाठी स्लायडर लागतो, आणि तो ओढायला मोटरच हवी असं काही नाही.

दोन सरळ ॲल्युमिनियमचे पाइप फळीवर समांतर बसवा, त्यावर चालणारी छोटी गाडी करा, जुन्या स्केट्सची चाकं किंवा बेअरिंग्ज उत्तम. गाडीला दोरा बांधा, तो फळीच्या टोकाच्या कप्पीवरून खाली बादलीत सोडा, आणि बादलीत दोऱ्याच्या टोकाला तरंगणारी बाटली, अर्धी वाळूने भरलेली, म्हणजे ती तरंगेलही आणि गाडी ओढण्याइतकं वजनही राहील. बादली भरा, बुडाजवळच्या छोट्या भोकातून पाणी खालच्या टबमध्ये जाऊ द्या. पाणी उतरतं तशी बाटली उतरते, बाटली गाडी ओढते, आणि मोटरची घरघर नाही, बॅटरी नाही, काही नाही.

आकडे असे: ३० सेमी व्यासाच्या सरळ बादलीत २० सेमी पाणी उतरलं म्हणजे साधारण १४ लिटर. २० मिनिटांत उतरवायचं तर सरासरी मिनिटाला ७०० मिलि. भोक लहान करून सुरुवात करा, मापी भांडं आणि घड्याळ घेऊन मोजा, मग थोडं थोडं वाढवा. पाणी कमी होत जातं तसा दाबही कमी होतो आणि वेग मंदावतो, पातळी सुरुवातीच्या चौथ्या हिश्श्यावर आली की वेग निम्मा झालेला असतो. एकसारखा वेग हवा असेल तर बादली खोल घ्या आणि फक्त वरचा भाग वापरा. पण मी कधी कधी मुद्दाम शेवटपर्यंत जाऊ देते, कारण शॉट आपोआप हळूहळू थांबतो आणि ते थांबणं फार सुंदर दिसतं.

दोरा ताणणारा नको. नायलॉनचा मासेमारीचा दोरा ताणतो आणि गाडी धक्के देत जाते, वेणीचा सुती किंवा पॉलिस्टर दोरा चांगला. पाइप पुसून घ्या, एक कण सुद्धा जाणवतो. आणि कॅमेरा, चार्जर, वायरी बादलीपासून लांब.

२० सेमी सरकणं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण जवळ काहीतरी ठेवा. लेन्सपासून हातभर अंतरावर गवताचं पातं, दगड, कुंपणाची तार असली की ती मागच्या दृश्यासमोरून सरकते आणि खोली दिसते. समोर फक्त लांबचा डोंगर असेल तर मीटरभर सरकवलं तरी कळणार नाही.

मोटरच वापरायची असेल तर बॅटरीवरची गिअर मोटर घ्या, मिनिटाला एक फेरा घेणारी, आणि १० मिमी व्यासाच्या रिळावर दोरा गुंडाळा, मिनिटाला ३१ मिमी ओढेल. जुन्या मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी मोटर काढायचा मोह होतो, पण मायक्रोवेव्ह उघडू नका, त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका चार्ज धरून ठेवू शकतो.

रात्री

ताऱ्यांसाठी स्थिर कॅमेराच बरा सुरुवातीला. ५०० भागिले फोकल लेन्थ (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा), इतके सेकंद शटर उघडं ठेवलं तर तारे ठिपके राहतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ मिमी लेन्स म्हणजे साधारण २७ मिमीसारखी, तर १८ सेकंद. इंटरव्हल त्यापेक्षा २-३ सेकंद जास्त, म्हणजे फोटो सेव्ह व्हायला वेळ मिळतो. तासाभरात लेन्सवर दव बसतं आणि सगळं पुसट होतं, म्हणून लेन्सभोवती मोज्यात घातलेलं हँड वॉर्मर (हात शेकायची गरम पुडी) रबरबँडने बांधा. थंडीत बॅटरी लवकर उतरते. पॉवर बँकवर चालवत असाल तर आधी घरी तासभर चालवून बघा, काही पॉवर बँक कमी करंट लागला की आपणहून बंद होतात.

फोटोंचा व्हिडिओ

२४ मेगापिक्सेलचे ३०० जेपेग साधारण ३ जीबी होतात, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइल्स) घेतले तर तिप्पट धरा, कार्ड आधीच रिकामं करून ठेवा. डीएसएलआरमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते वापरा, यांत्रिक शटरला आयुष्य असतं आणि टाइमलॅप्स ते भराभर खातो.

फोटो एका फोल्डरमध्ये टाका. ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ पासून नाव देतो, तेव्हा नावाने लावलं तर शेवटचे फोटो आधी येतात, म्हणून वेळेप्रमाणे लावून नव्याने नंबर द्या. मग डाविंची रिझॉल्व्हमध्ये किंवा ब्लेंडरच्या व्हिडिओ एडिटरमध्ये इमेज सिक्वेन्स म्हणून उघडा, दोन्ही मोफत मिळतात. कमांड लिहायची सवय असेल तर एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर सगळ्यात झटपट, आणि त्यात डीफ्लिकर नावाचा फिल्टरही आहे, हलका फ्लिकर त्याने जातो.

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो आणि फोरके व्हिडिओ ३८४० बाय २१६०, म्हणजे फ्रेमच्या आत बरीच जागा शिल्लक राहते. स्थिर कॅमेऱ्याने घेतलेल्या शॉटमध्येही एडिटिंगमध्ये हळू पॅन किंवा झूम करता येतो. जवळच्या-लांबच्या वस्तू एकमेकांवरून सरकण्याचा परिणाम मात्र त्यात येत नाही, त्यासाठी पाण्याची गाडीच हवी.

क्लिप तयार झाली की ती एकदा फ्रेम-फ्रेमने पुढे नेत बघा. एखाद्या फ्रेममध्ये पक्षी, हात किंवा धक्का दिसला तर ती एकच फ्रेम काढून टाका, एका फ्रेमची उडी सहसा डोळ्याला सापडत नाही. लागोपाठ दहा-बारा फ्रेम्स खराब असतील तर तिथे क्लिप तोडा आणि दोन वेगळे शॉट म्हणून वापरा. आणि कागदावर लिहून ठेवा: विषय, इंटरव्हल, किती फोटो, भोक किती मिमीचं, बादली किती भरली होती. पुढच्या वेळी त्याच जागी त्याच ढगांसमोर उभे राहाल तेव्हा भोक ३ मिमीचं होतं की ४ चं हे आठवत नाही.